मोटरहोमवाले काका

‘वाच,’ काका म्हणायचे आणि हातातला कागद माझ्यापुढे धरायचे.

काकांचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, जागचं हलण्याआधी रोज सकाळी हा कार्यक्रम असे. कागदावर जाड काळ्या मार्करने बोटाएवढ्या अक्षरांत यादी लिहिलेली होती. मी वाचायचो, ‘गॅस.’ काका म्हणायचे, ‘बंद.’ ‘छतावरची खिडकी.’ ‘बंद.’ ‘विजेची वायर.’ ‘काढली.’ शेवटच्या ओळीवर नुसतं ‘माणसं’ असं लिहिलं होतं. तिथे पोचलो की काका मान किंचित उजवीकडे वळवून आम्हाला मोजायचे आणि स्वतःला धरून आकडा सांगायचे, ‘चार. चला.’

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये त्यांनी लोकांना झोपवलं आणि वेळेवर उठवलंही. ऑपरेशन थिएटरची शिस्त अंगात मुरलेली, म्हणून ही यादी, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्हीही अशी शिस्तीची माणसं पाहिली असतील. त्यांच्या शिस्तीचं कारण आपण कधी विचारत नाही, आपली चूक निघेल या भीतीने.

आमच्या रस्त्यावर त्यांचं घर आमच्यापासून तिसरं. आम्ही इथे आलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते, हातात दोन जास्तीचे कोट घेऊन. मला गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. त्यात त्यांचा दोष नाही. मी तीनदा नापास झालो आणि चौथ्यांदा ऑटोमॅटिक गाडीवर पास झालो. म्हणजे क्लचवाली गाडी मला कायद्याने चालवता येत नाही. माझी बायको मृणाल मात्र क्लचवाल्या गाडीवर पहिल्या फटक्यात पास झाली. हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. म्हणजे मी काढत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो: मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण माझ्या लक्षात नव्हतं.

स्कॉटलंडची ट्रिप केली त्या उन्हाळ्याच्या आधी दोनेक वर्षं काका बोलताना मान वळवून कान पुढे करायला लागले होते. मी ओळखलं, यांना ऐकू कमी येतंय. तेव्हापासून मी त्यांच्याशी खणखणीत आवाजात बोलायचो. एकदा ते शांतपणे म्हणाले, ‘अरे, मी बहिरा नाही.’ ऐकू न येणारे सगळे असंच म्हणतात, हे मला ठाऊक असल्यामुळे मी आवाज आणखी वाढवला.

स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकापर्यंत जायची कल्पना त्यांचीच. ‘दहा दिवस. घाई करायची नाही,’ ते म्हणाले. काकूंनी साफ नकार दिला. ‘मला जमिनीला चिकटलेलं स्वयंपाकघर पुरे,’ असं म्हणून त्यांनी तिखटामिठाच्या पुऱ्यांचा मोठा डबा आमच्याबरोबर पाठवला. आमची चौदा वर्षांची ईशा नकाशा घेऊन काकांच्या शेजारी पुढे बसली. मृणाल आणि मी मागे. मोटरहोम क्लचवालं, त्यामुळे माझ्याकडे यादी वाचण्याचं आणि ताटल्या पुसण्याचं काम होतं, आणि दोन्ही मी मन लावून केली.

इन्व्हरनेस मागे पडलं आणि रस्ते अरुंद झाले. एकाच गाडीपुरता रस्ता, आणि समोरून कुणी आलं तर बाजूला सरकायला थोड्या थोड्या अंतरावर जागा केलेली. तिथे पाटी असते. ईशा दर वेळी म्हणायची, ‘काका, पासिंग प्लेस.’ काका म्हणायचे, ‘हो, दिसली.’ दोघांची जोडी छान जमली आहे असं मी मृणालला सांगत होतो.

अलापूलला सकाळी पोहे खाताना ईशा मला बाहेर घेऊन गेली. ‘बाबा, काकांना समोरचा बोर्ड नाही दिसत. मी सांगते, मग ते म्हणतात हो, दिसली. बट ही डझन्ट. आय थिंक मीच ड्राइव्ह करतेय.’

दिवसाला पंधरा लोकांचे डोळे तपासणाऱ्या मी, तिला काय सांगितलं असेल? ‘मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये.’

ती पुढे जाऊन बसली. मी बसू दिलं. पण यादी वाचायला कागद हातात घेतला तेव्हा ती बोटाएवढी अक्षरं मला पहिल्यांदा दिसली. ती वळवलेली मानही दिसली. सरळ बघितलं की मधे काही दिसत नाही, म्हणून माणूस मान वळवून डोळ्याच्या कडेने बघतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. दोन वर्षं मी त्यांच्या कानात ओरडत होतो.

तरीही मी ‘माणसं’ म्हणालो, काका ‘चार’ म्हणाले, आणि आम्ही निघालो. क्लिनिकमध्ये रोज कुणाला तरी मी सांगतो, ‘यू मस्ट स्टॉप ड्रायव्हिंग.’ तेच वाक्य मराठीत मला जुळवता येईना. ‘काका, तुम्ही आता गाडी’ इथपर्यंत मनात यायचं आणि पुढे ते दोन कोट आठवायचे.

दोनेक तासांनी एका सरळ रस्त्यावर मधोमध कोकरू बसलं होतं. मागून दोन सीटांच्या फटीतून मलाही ते लांबूनच दिसलं. ‘स्टॉप!’ ईशा किंचाळली. काकांनी ब्रेक दाबला, कपाटातल्या ताटल्या खाली आल्या, आणि कोकरू सावकाश उठून आईकडे गेलं.

‘एकदम आडवं आलं बघ,’ काका म्हणाले.

मृणाल माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘तू बोलतोस का मी बोलू? आजच. आय मीन इट.’

डरनेसची कॅम्पसाइट तिथून दहा मिनिटांवर होती. तेवढं अंतर मृणाल त्यांच्या सीटमागे उभी राहून रस्ता सांगत होती. पोचल्यावर तिने चहा केला, ईशाला घेऊन समुद्राकडे गेली, आणि मी काकांसमोर बसलो. आधी वाऱ्याबद्दल बोललो. मग समुद्राबद्दल. मग म्हणालो, ‘काका, जरा उठता का? गंमत म्हणून.’ वीस पावलं मोजून त्यांना उभं केलं आणि म्हणालो, ‘ती नंबरप्लेट वाचा बघू.’

काकांनी सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. मी ‘वा, छान’ म्हणालो. खरंच म्हणालो.

‘अरे, ती माझीच गाडी आहे,’ काका म्हणाले. ‘शेजारच्या गाडीचा नंबर विचार.’

बाजूच्या गाडीकडे ते बराच वेळ बघत राहिले. मान उजवीकडे केली, डावीकडे केली. ‘लाल आहे,’ ते म्हणाले.

मग माझ्यावरच उखडले. ‘तुला कधी कळलं?’

‘सकाळी.’

‘आणि तरी मुलीला पुढे बसवलंस?’

इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. म्हणजे बहिरे समजून चढवायचो, तो सोडून. ‘आणि तुम्हाला कधी कळलं, काका?’

ते खुर्चीत बसले. ‘दोन वर्षं झाली. दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तेव्हा.’

‘तिसऱ्या घरात डोळ्यांचा डॉक्टर राहतो.’

‘म्हणून तर नाही आलो. तू काय सांगशील ते मला माहीत होतं. वाटलं, एवढी एक ट्रिप होऊ दे.’

चौकट वाकडी दिसायला लागते तेव्हाच इंजेक्शनं सुरू केली तर नजर बरीच वाचते. ती दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून काकूंचे लाडू खाल्ले होते. अशा वेळी डॉक्टरने रुग्णाला धीर द्यायचा असतो. मी त्यांचा हात धरला आणि रडायला लागलो. त्यामुळे धीर त्यांनाच द्यावा लागला.

ईशा परत आल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. ‘बाळा, सॉरी. मी तुला घाबरवलं. तुझं ऐकायला हवं होतं.’ मग खिशातून किल्ली काढली आणि मृणालच्या हातात दिली. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुला देऊन काय करू?’

दुसऱ्या दिवशी मृणालने ते अवजड धूड अशा सफाईने बाहेर काढलं की कॅम्पसाइटवरच्या एका आजोबांनी तिला टोपी काढून दाद दिली. काका माझ्याशेजारी, खिडकीपाशी.

‘डावीकडे, वर,’ काका एकदम म्हणाले. ‘हरणं.’

आम्हाला काही दिसेना. मग डोंगराच्या रंगाचंच काहीतरी हललं, आणि सात हरणं मोजता आली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला तरी कड शाबूत असते, आणि कडेला हललेलं चटकन कळतं. हेही मी शिकवतो. इन्व्हरनेसपर्यंत काकांनी आम्हाला तेवीस हरणं दाखवली. ईशा मोजत होती आणि दर वेळी मागे वळून विचारत होती, ‘काका, आता कुठे?’

घरी पोचल्यावर त्यांनी लायसन्स स्वतःच परत पाठवलं. लिफाफ्यावर पत्ता मी लिहिला. मग माझ्या क्लिनिकमध्ये आले. उजव्या डोळ्याची थोडी नजर टिकली, डाव्याची नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले. काकूंनी मोटरहोम मृणालला देऊन टाकलं.

या उन्हाळ्यात आम्ही तिघं त्याच रस्त्याने वरपर्यंत गेलो. मृणाल चालवत होती, ईशा आणि मी आळीपाळीने खिडकीशी बसून डोंगर बघत होतो. पाच दिवसांत आम्हाला एकही हरिण दिसलं नाही. हरणं तिथेच असणार. आम्हाला दाखवायला काका नव्हते.