चाळणीखालचे चार

लॉ कॉलेजात करार शिकवणाऱ्या बाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी उशिरा आलं की राग, कुणी पाठ करून आलं की त्याहून जास्त. "पोपट परवडला, तो निदान दिसायला तरी बरा असतो," असं तोंडावर म्हणायच्या. तरी त्यांच्या तासाला बाकं भरलेली असायची. पोरं शहाणी असतात. कोण आपल्यासाठी चिडतं आणि कोण आपल्यावर, हे त्यांना बरोबर कळतं.

त्या कॉलेजाची एक रीत होती. पेपर किती का चांगले येईनात, चाळीस जणांच्या वर्गात चौघांना 'ड' द्यायचाच. 'अ' आठांच्या वर द्यायचा नाही, उरलेले मधे बसवायचे. 'ड' म्हणजे नापास नव्हे, पास, पण तळाचा. आणि एका वर्षात दोन विषयांत 'ड' मिळाला की घरी जायचं. म्हणजे शर्यतीत सगळे वेळेत पोचले तरी शेवटच्या चौघांना लंगडे म्हणायचं, असला प्रकार. वर याला नाव काय, तर समान न्याय.

बाईंना ही रीत ठाऊक होती. पण दर वर्षी वर्गात पुस्तकाला हात न लावणारे चार-पाच टवाळ निघायचेच. त्यांना 'ड' देताना बाईंना कधी वाईट वाटलं नाही. पायात काटा नसेल तर रस्ता चांगलाच वाटतो.

यंदा मात्र त्यांच्या मनानं घेतलं की वर्गातलं एकही पोर मागे राहता कामा नये. त्यांनी वर्गाचे गट पाडले. ज्याला समजलंय त्यानं न समजलेल्याला शिकवायचं. "एकट्यानं हुशार व्हायला अक्कल लागत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला करून दाखवा."

या कामात सगळ्यांच्या पुढे गेली ती मावशी. मावशी म्हणजे वर्गातली विद्यार्थिनीच, पण पोरांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. शाळेचे गणवेश शिवून तिनं दोन मुलं वाढवली. कधीकाळी तिच्या शिलाईच्या दुकानाच्या जागामालकानं एका कागदावर तिची सही घेऊन तिला जागेतून बाहेर काढलं होतं. त्या कागदातली कायद्याची भाषा आपल्याला वाचता आली नाही याचा तिनं डूख धरला, आणि मुलं मार्गी लागताच थेट लॉ कॉलेजात येऊन बसली.

तासानंतर तिच्याभोवती पोरांचा घोळका जमायचा.

"मावशी, हे मोबदल्याचं काही डोक्यात शिरत नाही हो."

"अगं, तू कापड आणलंस आणि मी म्हटलं, शिवते फुकट. तर तो करार नाही, तो माझा मूर्खपणा. आता उद्या मी शिवलं नाही, तर तू कोर्टात जाऊन काय सांगणार? ही बाई मूर्ख आहे म्हणून?"

पोरं खिदळायची, आणि हसता हसता मोबदला कायमचा डोक्यात बसायचा. मावशीच्या शेजारी बसणारी एक लाजाळू मुलगी तर सुरुवातीला तोंडच उघडायची नाही. मावशीनं तिला वर्षभर शिकवून बोलती केली.

परीक्षा झाली. पेपरांवर नावं नसतात, नुसते आकडे. बाई घरी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसल्या. एकेक पेपर वाचताना त्यांचा चेहरा खुलत गेला.

"आज राग कुठं माहेरी गेलाय का?" त्यांच्या आईनं विचारलं.

"आई, सगळ्यांनी लिहिलंय गं! एक पेपर टाकाऊ नाही."

बाईंनी मनापासून गुण दिले आणि यादी ऑफिसात धाडली. दुसऱ्याच दिवशी यादी परत. 'अ' फार झालेत, 'ड' एकही नाही, रीतीत बसवून द्या.

बाई तरातरा प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "तुम्ही एकही पेपर वाचलात का?"

"वाचायची गरज नाही," प्राचार्य शांतपणे म्हणाले. ती शांतता ऐकूनच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळेच चांगले म्हटले तर बाहेरचे लोक निवडणार कोणाला?"

"ते त्यांचं काम. त्यांची चाळणी मी का हलवू?"

"मॅडम, प्रत्येक वर्गात वर-खाली असतंच."

"या वर्गात नाहीये! शिकवलंय मी त्यांना. शिकवल्याची शिक्षा आहे का ही?"

"तुम्ही दिली नाही, तर ऑफिस देईल. खालचे चार आकडे उचलायचे, बस."

बाई गठ्ठा परत घरी घेऊन आल्या. परक्यानं उचलण्यापेक्षा आपण वाचून उचललेले बरे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग सुनेच्या स्वयंपाकात सासू खडे शोधते तशा त्या चांगल्या पेपरांत चुका शोधत बसल्या. इथं एक मुद्दा राहिला, तिथं एक शब्द सैल पडला. शोधलं की खडा सापडतोच. आईनं मागून एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "दाणे सगळे भरलेले असले तरी खाली काही पडल्याशिवाय चाळणीला चैन पडत नाही, असं दिसतंय."

"आई, आत्ता नको."

चार पेपर तळाला गेले. त्यातल्या सगळ्यात वरच्याला खालून पाचव्यापेक्षा एकच गुण कमी होता. त्याचा शेवटचा प्रश्न अर्धवट सुटला होता, पण लिहिलं होतं तेवढं सोन्यासारखं. बाईंनी सही केली. नावं झाकलेली आहेत, म्हणजे निदान अन्याय तरी डोळे मिटून होतोय, असं त्यांना वाटलं.

ऑफिसात नावं उघडली. अर्धवट पेपर मावशीचा होता. आयुष्यभर कात्री-सुईचं वळण पडलेली बोटं पेनावर हळू चालायची. वेळ पुरला नाही. आणि गुन्ह्यांच्या कायद्यात तिला याच वर्षी आधीच एक 'ड' मिळाला होता; म्हणजे आता घरी.

मावशी बाईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, एक विचारते. माझ्या गटातल्या सहा जणांना मी शिकवलं नसतं, तर मी वर राहिले असते का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हो."

"ही रीत तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"आणि तरी गट तुम्हीच पाडलेत." मावशीचा आवाज चढला नाही, पण बाईंना तो कानशिलात बसल्यासारखा लागला. "मला सांगायचं तरी. दिलंही असतं मी, पण काय देतेय ते कळून दिलं असतं. पुन्हा एकदा न वाचता अंगठा उमटवून घेतलात माझ्याकडून."

 बाईंनी निकालाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीपुढे मावशीसाठी दाद मागितली आणि स्वतःच्याच सहीविरुद्ध बोलायला स्वतः उभ्या राहिल्या. कमिटी म्हणजे प्राचार्य आणि दोन म्हातारे सर; पलीकडे मावशी.

"बेरीज चुकलीय का?" प्राचार्यांनी विचारलं. "बेरीज चुकली तरच गुण बदलता येतात."

"बेरीज बरोबर आहे. हे असं तळाला ढकलणं चूक आहे. हा पेपर 'ब'च्या लायकीचा आहे. तुम्ही वाचा, आत्ता वाचा!" बाईंनी पेपर टेबलावर आपटला. कुणी हात लावला नाही.

"बरं," प्राचार्य म्हणाले. "हिला वर काढू. हिच्या जागी खाली कोण? तेवढं नाव द्या."

खालून पाचवा पेपर त्या लाजाळू मुलीचा होता, आणि तिलाही दुसऱ्या विषयात आधीच एक 'ड' होता.  बाईंनी मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मावशी फाडकन म्हणाली. "माझंच पोर विहिरीत ढकलायचं आणि तेही मीच सांगायचं? खुर्चीत तुम्ही बसलाय, ढकला तुम्हीच."

"नाव नाही देणार," बाई म्हणाल्या. "चारही वर घ्या."

"ते होत नाही."

आणि झालं नाही. कमिटीनं मोठ्या मनानं मावशीला एवढीच सवलत दिली, की घरी न जाता त्याच वर्षाला पुन्हा पहिल्यापासून बसायचं. लाजाळू मुलगी पुढच्या वर्गात गेली. आपण कोणाच्या जागी पुढे गेलो हे तिला कुणी सांगितलं नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला बाईंनी ती रीत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. आठ वर, चार खाली, मधे बाकीचे. "हे आज सांगतेय, कारण मागच्या वर्षी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी फळा पुसून घ्यायला शिपाई पाठवला. बाईंनी त्याला दारातूनच परत धाडलं आणि कारण लेखी मागितलं. गट त्यांनी पाडले नाहीत.

मावशी खिडकीजवळ एकटी बसली होती. आठवड्याभरानं शेजारच्या बाकावरचा एक पोरगा वाकून म्हणाला, "काकू, तुम्ही दुसऱ्यांदा शिकताय ना? हे मोबदल्याचं जरा सांगता का?"

मावशीनं वही मिटली.

"मॅडमना विचार बाबा," ती म्हणाली. "त्यांना पगार आहे त्याचा."

बाईंच्या हातातला खडू मोडला. कुणाला तरी फाडून खावं इतका राग आला होता, आणि समोर ओरडण्याजोगं कुणीच नव्हतं. त्या पोराच्या बाकाशी गेल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि मोबदला पहिल्यापासून सांगू लागल्या.