बंबाचा राघू

माझ्या सासूबाईंनी लेकीला लग्नात तांब्याचा बंब दिला होता. चाकणजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा असा बंब दोनच घरांत होता, हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला तीनदा ऐकवण्यात आलं. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यावर नाव घालण्याऐवजी त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांचा एक राघू ठोकून घेतला होता. त्या राघूला मी कात्री लावली नाही, एवढंच माझं पुण्य. बाकी सगळा बंब मी कापला.

त्याचं असं झालं. पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि मी त्यातल्याच एकात फिटर होतो. सायकलने चिंचवडला घरी येताना वाटेत दगडाची एक खाण लागायची. तिथे एक जुनं वाफेचं इंजिन होतं. दिवसभर ते एका जागी उभं राहून पट्ट्याने खडीचं यंत्र फिरवायचं, आणि जागा बदलायची झाली की तेच यंत्र मागे जोडून आपल्या चाकांवर डुलत निघायचं. एक दिवस तिथे डिझेलचं इंजिन आलं आणि हे बाजूला पडलं. मला फार वाईट वाटलं. दोरीने त्याची चाकं, धुराडं, सगळं मापून आणलं आणि फुटाला इंच या हिशेबाने तसंच इंजिन आमच्या पडवीत करायला घेतलं.

वर्षभरात चाकं झाली, दट्ट्या झाला. घोडं अडलं बॉयलरपाशी. तांब्याचा चांगला पत्रा कुठे मिळेना, आणि घरातला बंब नेमका त्याच सुमारास तळाशी गळायला लागला. "झाळून आणतो," असं बायकोला सांगून मी तो कासारवाडीला नेला. तिथे शेतकऱ्यांची तेलाची इंजिनं दुरुस्त करणारा माझा एक मुसलमान दोस्त होता. हातात कात्री घेऊन त्याने विचारलं, "भाऊ, वहिनींना विचारलंय ना?"

"विचारलंय की," मी म्हणालो. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही. निस्तरायला लागतो.

दोन महिने "उद्या आणतो" वर काढले. मग सासूबाई दसऱ्याला येणार असा निरोप आला आणि मला सगळं कबूल करावं लागलं. बायको एरवी पुणेरी बोलायची, पण रागावली की तिची भाषा थेट माहेरच्या गावाला पोचायची.

"आईम्होरं काय पेटवू मी? तुमचं डोस्कं?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हे चाललं तर आईला मी सांभाळते. न्हाई चाललं तर?"

"नाही चाललं तर पडवी रिकामी. पुन्हा कानस हातात धरणार नाही," मी बोलून गेलो आणि लगेच पस्तावलो. पडवी गेली की माझ्याकडे कारखाना आणि दोन वेळचं जेवण एवढंच उरत होतं.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. मला कारखान्यातल्या पूजेला जायचं होतं, म्हणून घरची पूजा बायकोने केली. संध्याकाळी येऊन बघतो तर पाटावर कानशी, हातोड्या, पाने ओळीने मांडलेले, मधे इंजिन, आणि त्याच्या धुराड्यात झेंडू. माझं मन भरून आलं. पाणी भरायच्या तोंडाचं बूच उघडं राहिलं होतं, ते मी नुसतं हाताने फिरवून लावलं.

दसऱ्याला सासूबाई अंगणात पानाचा डबा घेऊन बसल्या. कासारवाडीचा दोस्तही आला. मी पाणी भरलं, कोळसा पेटवला. वाफ चढली, शिट्टी झोकात वाजली. मी वाफ सोडली. चाकं अर्धा फेरा फिरली, इंजिन खोकलं आणि थांबलं. धुराड्यातून लालसर फेस उडायला लागला.

सासूबाईंनी नाक वर केलं. "जावायबापू, भात शिजतोय जनू कुटं."

मला शपथ तेवढी आठवत होती. पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही जमलं. उद्या पडवी रिकामी करतो."

बायको गप्प बसली असती तर पडवी तिची झाली असती, लोणच्याच्या बरण्या ठेवायला. पण तिने वाकून तो फेस बोटावर घेतला, कुंकवाचा रंग पाहिला आणि कपाळावर हात मारला. "थांबा! अक्षता आहेत ह्या. काल मीच मूठभर वाहिल्या. इंजिनाची काही चूक नाही." आणि तिने पाना उचलून माझ्या हातात दिला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण ही बाई मला त्या क्षणी जेवढी आवडली तेवढी त्याआधी कधीच आवडली नव्हती.

निखारे काढले, इंजिन गार केलं, नळ्या सोडवल्या. मग मी आणि दोस्ताने मिळून ते उचलून उलटं केलं. आतून चांगला ओंजळभर गिच्च भात पडला. आणि इंजिनाच्या पोटाला, कुणाला दिसू नये म्हणून मी मुद्दाम खालच्या बाजूला ठेवलेला राघू सासूबाईंच्या समोर आला. दोस्ताने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. सासूबाई सुपारी कातरत राहिल्या.

पुन्हा पाणी, पुन्हा कोळसा. या खेपेला इंजिन निघालं. त्यामागे बांधलेल्या पाटावर पानाचा डबा ठेवून ते तुळशीपासून दारापर्यंत डुलत गेलं आणि बायको बरोबरीने चालत टाळ्या वाजवत होती. मी रडलो, लाज कसली त्यात.

सासूबाईंनी पाटावरून डबा उचलला.

"राघू वळखला मी मघाच," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. बंब अजून पानीच तापवतोय न्हवं?"