समातलं चाकांवरचं घर

आता बडोद्याच्या समात स्कूटर लावायची म्हटली तरी शेजाऱ्याशी वाद घालावा लागतो. नव्वदीच्या दशकात मात्र तिथे बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. अशाच एका प्लॉटच्या कडेला माझ्या दीनानाथकाकांनी पत्र्याचं, चाकांवरचं घर आणून उभं केलं. सोसायटीतल्या लोकांना ती आइस्क्रीमची गाडी वाटली. दोघीतिघींनी भावही विचारून घेतला.

आम्ही पागेदार. पणजोबा संस्थानच्या घोड्यांची पागा सांभाळत, आणि त्याचा अभिमान घरात अजून ताजा होता, घोडं एकही नसलं तरी. काका अवजड माल वाहणाऱ्या एका कंपनीत होते. बॉयलर, टाक्या, असलं काहीबाही ट्रेलरवर नीट चढवून घेणं हे त्यांचं काम. “वजन पुढे घ्या, नाहीतर शेपूट तुम्हाला नाचवेल,” असं ड्रायव्हरांवर ओरडण्यात त्यांचा जन्म गेला. मग नवे दिवस आले, कंपनीने वयस्क माणसांना मानाने घरी जायला सांगितलं आणि काका घरी आले. येताना एका परदेशी इंजिनिअरने मागे टाकलेलं मासिक घेऊन आले. त्यात ते चित्र होतं. पिकअपच्या पाठीवर नाक टेकवून एक आख्खं घर उभं होतं. ज्या लोखंडी तबकडीवर ते नाक टेकतं तिला पाचवं चाक म्हणतात. ती रस्त्यावर धावत नाही, जागच्या जागी फिरते, आणि त्यामुळे घर गाडीमागून वळतं. हे काकांनी मला ताटातल्या पोळीवर वाटी ठेवून समजावलं होतं.

काकांना प्रवासाचं वेड होतं असं लोक समजत. ते खरं नव्हतं. घर हवं होतं ते शैलाकाकूसाठी.

काकूचं माहेर धारला. ऑपरेशन झाल्यापासून तिला लघवी थांबवता येत नसे. त्या काळी हे कोणी बोलत नसे. “तिला गाडी लागते,” असं सांगून आम्ही वेळ मारून नेत असू. एकदा धारच्या बसमध्ये तिने कंडक्टरला हात जोडून गाडी थांबवायला लावली होती, आणि सगळी बस खिडकीतून बघत होती. त्यानंतर ती माहेरी गेली नाही. तिकडे तिच्या आईला, माईंना, वाटे की लेक विसरली. इकडे काकूच्या मनात सल होता की मी दवाखान्यात पडले तेव्हा माई एकदाही आली नाही. एस.टी.डी. बूथवरून दोघी बोलत ते हवापाण्याचं. माई थकत चालल्या होत्या, आणि हा दुरावा तसाच राहिला तर काय, या विचाराने काकांची झोप उडाली होती.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांमधल्या एका शेडमध्ये घर तयार झालं, ओढायला एक पिकअपही आली. दोन पलंग, टाकी, शेगडी आणि मधोमध दार लावून घेता येईल असा संडास. पासिंगच्या वेळी, यात माल काय भरणार म्हणून तिथल्या माणसाने विचारलं, “काका, आमां माल शुं भरशो?”

“घरवाळां,” काका म्हणाले.

मोकळ्या प्लॉटवर शिकणं सुरू झालं. असलं घर मागे घेणं म्हणजे कसरत होती. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की घर उजवीकडे जाई. मी मागे उभी राहून “बस, बस” ओरडे आणि काका कुंपणाला भिडत. शेजारचे भास्करराव खुर्ची टाकून सेव-उसळ खात ही मजा बघत. संध्याकाळी काकू चहा घेऊन येई आणि नव्या पलंगावर बसून पाय हलवत राही. तितकी खुश मी तिला आधी पाहिली नव्हती.

या सगळ्यात एकच घोळ झाला होता, आणि तो माझ्या वडिलांनी घातला होता. वडिलांना आमच्या राहत्या वाडीत सगळे तात्यासाहेब म्हणत. घर बांधायला घेतलं तेव्हाच ते होकायंत्र घेऊन प्लॉटवर आले होते. घर उभं राहणार नाक वायव्येकडे करून. म्हणजे शेपूट आग्नेयेला.

“अग्नी आग्नेयेला हवा,” तात्यासाहेब म्हणाले. “शेगडी मागच्या टोकाला घे.”

“दादा, हे घर फिरणार ने?” काका हळूच म्हणाले.

“घर म्हटलं ने? मग घरासारखं बांध.”

झालं. शेगडी मागे, सिलिंडर मागे, पाण्याची टाकी मागे, आणि काकूचा पाटा-वरवंटाही मागे. वास्तुशांतीला गुरुजींनी विचारलं, घराचं तोंड कुठे? काका म्हणाले, “आत्ता, की हालोलकडे वळल्यावर?” वडिलांनी असं पाहिलं की काकांनी गुपचूप हातात दर्भ घेतला.

हालोलच्या रस्त्यावर पहिली चक्कर काढली. जरोदच्या अलीकडे एक ट्रक शेजारून सुसाट गेला, त्याचा वारा लागला आणि मागचं घर डुलू लागलं. आधी हळू, मग म्हैस शेपटीने माश्या हाकलते तसं. पिकअपचं मागचं अंग उचलल्यासारखं झालं. काकांनी ब्रेकवर पाय ठेवला नाही, नुसता वेग सोडत सोडत गाडी कडेला आणली. काकूची साडी ओली झाली होती.

“मला घरी न्या,” ती म्हणाली. “मी नाही येत धारला. माईला कळवा, माझी वाट बघू नको म्हणावं.”

घरी आल्यावर मी काकांना गाठलं. “सगळं वजन शेपटीला. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. दादाला नाही कसं म्हणायचं?”

मला असा संताप आला की दोन्ही भावांना त्या संडासात कोंडून बाहेरून कडी घालावीशी वाटली. आमच्या घराण्यात वडीलधाऱ्याच्या शब्दापुढे जीवही स्वस्त असतो. त्याला आम्ही संस्कार म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब आले. काकांनी अडखळत शेगडी पुढे घ्यायचा विषय काढला. वडील म्हणाले, अग्नीची जागा ढळली तर घराला बाधा होते, त्यापेक्षा गाडी सावकाश चालव. काकांनी मान डोलावली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आली. मोठ्या दिरासमोर ती कधी बसली नव्हती, मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती उभी राहिली.

“भावजी, मला लघवी थांबत नाही. ऑपरेशनपासून. म्हणून मी माहेरी जात नाही. ह्यांनी हे घर त्यासाठी बांधलंय, दिशांसाठी नाही.”

वडिलांनी खिशातलं होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं. “दीना, पाण्याची टाकी कुठे बसली म्हणजे बरी?”

“चाकांच्या पुढे.”

“मग शेगडीही तिकडेच घे. पाटा इथेच ठेवा, चटणी काय मिक्सरमध्येही होते.”

आम्ही थंडीत निघालो. गोधरा मागे पडलं, दाहोद आलं, आणि घर शहाण्या बैलासारखं मागून येत होतं. दाहोदच्या पुढे काकू म्हणाली, “अहो, थांबवा जरा.” बस, इतकंच. ती उतरली, मागे गेली, दार लावलं आणि हात पुसत परत आली. पळसाच्या झाडांमागून उन्हं येत होती आणि काका आरशात बघून हसत होते. आयुष्यात पुष्कळ प्रवास केले, पण आधी आठवतो तो हाच.

धारला माई अंगणात बसल्या होत्या. “सापडला म्हणायचा रस्ता,” एवढंच बोलल्या. त्यांचा हात धरून काकू त्यांना मैदानात उभ्या केलेल्या घराकडे घेऊन आली, पायरीवरून वर चढवलं, आणि मधलं दार उघडून दाखवलं. “यामुळे आले,” ती म्हणाली. “ऑपरेशनपासून मला थांबवता येत नाही, माई. लाजेने सांगितलं नाही.”

माई आत वाकून बघत राहिल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या.

“मलाही नाही गं थांबत,” त्या म्हणाल्या. “तू झालीस तेव्हापासून. तू दवाखान्यात होतीस तेव्हा दोनदा बसस्टँडवर जाऊन परत फिरले.”

काकूने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी आणि काका खाली उतरलो आणि दार लोटून घेतलं. बडोद्याला परत निघालो तेव्हा पुढच्या सीटवर माई बसल्या होत्या.