दुप्पट वेगाने

कॅन्टीनमध्ये समोर बसलेल्या मेघनाने मोबाइल डब्याच्या झाकणाला टेकवून उभा केला होता. स्क्रीनवर एक म्हातारी बर्फातून तुरुतुरु पळत होती. मला आधी कळेना, मग ओळखलं. मीच सुचवलेली जपानी ॲनिमे मालिका होती ती, आणि मेघना ती दुप्पट वेगाने बघत होती.

चहाचं पाणी उकळेपर्यंत जिच्यात कुणी बोलत नाही, त्या मालिकेचं हे असं झालं होतं. ॲनिमे बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, 'फारसं कुणाला माहीत नसलेलं काही सांगा', आणि मी दर वेळी हेच नाव टाकतो. अंगठे येतात. बघत सहसा कुणी नाही. हल्ली सांगायचाही कंटाळा येतो. आपल्या आवडीची गोष्ट दुसऱ्याच्या हाती दिली की तिची चालही त्याच्याच हाती जाते.

"छान आहे, पण फारच संथ," मेघना म्हणाली. मी माझा डबा उचलला.

"मागच्या भागाच्या शेवटी ती म्हातारी बंद दुकानासमोर बसून राहते ना," झाकण लावता लावता ती म्हणाली, "तिथे मात्र मी स्पीड कमी केला."

मी उठलो होतो. पुन्हा बसलो.