आप्पांचं भूत आणि आमचे भंगार पिक्चर

चांगला पिक्चर बघून आलं की सांगायला एकच वाक्य उरतं, 'चांगला होता.' संपलं! भंगार पिक्चरचं तसं नसतं. तो घरी आल्यावर खरा सुरू होतो. आम्हा चौघांकडं असल्या पिक्चरांचे इतके किस्से साठलेत, की शाळेत फळ्यावर गणित लिहिता लिहिता मला हसू फुटतं आणि पोरांना वाटतं, बाईंचं गणित चुकलं.

जागा वडगावात, शांताक्काची कापड विणायच्या मागांची खोली. रविवारी दुपारी माग बंद असतात. भिंतीवर पांढरी चादर आणि समोर दीपकचा छोटा प्रोजेक्टर. दीपक माझ्या कॉलेजातला, खडेबाजारात मोबाईल दुरुस्त करतो. आप्पा म्हणजे शांताक्काचे दीर, साठी उलटलेले. चौथी मी. मी लई दचकते. शाळेची घंटा रोज त्याच वेळी होते, तरी दचकते!

आप्पांचं आधीच सांगून टाकते. तरुणपणी त्यांनी निपाणीकडं शूटिंग झालेल्या एका पिक्चरात भुताचं काम केलं होतं. पिक्चर लागला त्या दिवशी ते पडद्याकडं बघतच नव्हते, लोकांच्या तोंडाकडं बघत होते. भूत आलं आणि अख्खं थिएटर पोट धरून हसलं! आप्पा खाली मान घालून बाहेर पडले, ते परत फिरकले नाहीत.

"एक माणूस घाबरू दे गं," ते अजूनही म्हणायचे. "एकच! मग मी गप बसतो."

तो पिक्चर कुठंच मिळत नव्हता. दीपक शोधत होता. तोवर आप्पा दुसऱ्यांची भुतं बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझं ह्याच्यापरास बरं होतं."

*

एकदा नागिणीचा पिक्चर होता. नागीण फणा काढून हिरोवर झेपावली आणि मी किंचाळले. चिवड्याची ताटली थेट मागाखाली!

बाकी तिघं मात्र पुढं सरकून चादरीला नाक लावून बसलेले.

"दोरा दिसतोय," शांताक्का म्हणाली.

"व्हय की," आप्पा म्हणाले. "पर आपल्या मागावरचा न्हाय. पतंगाचा हाय."

"पतंगाच्या दोऱ्यावर एवढी जड नागीण? तुटंल की!"

दीपकनं तो सीन तीनदा मागं घेतला. हिरो वाचतो की मरतो, हे आम्हाला आजही माहीत नाही. दोरा तुटला नाही, एवढं नक्की.

*

दुसऱ्या एका पिक्चरात हिरोला छातीत गोळी लागली. तो बोलायला लागला. शांताक्का उठली, आत जाऊन दूध तापवलं, चौघांचा चहा केला, शेजारणीशी दोन शब्द बोलली आणि ट्रे घेऊन आली.

"अजून न्हाय मेला?"

"भैणीला भेटून झालं," आप्पा म्हणाले. "आता आईची वाट बघायलाय."

"मग बिस्किटंबी आणते," म्हणून ती परत आत गेली.

*

दीपकच्या हातून एकदा घोटाळा झाला. पिक्चर दोन फायलींत होता, त्यानं दुसरी आधी लावली. कुणाला पत्ता नाही! हिरॉइन आधी दोन पोरांची विधवा आई, मग कॉलेजात बॅडमिंटन खेळायला लागली. मला जरा शंका आली, पण आपणच मूर्ख ठरू या भीतीनं मी गप्प.

शेवटी दीपकनं डोक्यावर हात मारून घेतला. शांताक्काला ते पटेचना.

"काय चुकलंय त्यात? दोन पोरं पदरात आसून कॉलेजला गेली. लई धीराची बाई!"

*

एक रविवार माझ्यामुळं वाया गेला. मी हौसेनं बक्षिसं मिळालेला, खरोखर चांगला पिक्चर आणला. दहा मिनिटांत खोलीत मयताला आल्यासारखी शांतता.

आप्पांनी हळूच विचारलं, "गीते, ह्यात चूक कुठं हाय?"

"चूक नाही आप्पा. चांगला आहे."

"मग आमी काय करायचं गं?"

*

आणि मग दीपकला तो पिक्चर मिळाला! निपाणीच्या एका जुन्या व्हिडिओ पार्लरवाल्याच्या माळ्यावर कॅसेट पडून होती, ती त्यानं फायलीत उतरवून घेतली.

शनिवारी शांताक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "उद्या भूत आलं की तू वरडायचंस. आप्पांसाठी."

"आक्का, मला ठरवून नाही येत हो."

"कुकरची शिट्टी झाली तरी वरडतीस की!"

घरी बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. आई लाटणं घेऊन धावत आली, म्हणजे जमत होतं.

रविवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी खुर्ची चादरीला पाठ करून, आमच्याकडं तोंड करून मांडली. शांताक्कानं ती धरून फिरवली. "लोकांची तोंडं पुरं झाली. आज तिकडं बघा."

पाऊण तासानं विहीर आली. विहिरीतून हात आला. मग चेहरा. गालांना पीठ, दातांना कापूस, हनुवटीखाली बॅटरी, आणि ती धरणाऱ्या दुसऱ्याच कुणाचा तरी घड्याळ घातलेला हात! दीपकनं रुमाल तोंडात कोंबला. शांताक्कानं मला जोरात चिमटा काढला. मी तोंड उघडलं.

आवाजच नाही! जन्मभर दचकले आणि नेमकं आत्ताच दचकायचं जमेना. आप्पांचं आता कसं होणार, या विचारानं मला रडू यायला लागलं.

"आगं आई गंऽऽऽ!"

ओरडले ते आप्पा. खुर्चीसकट मागं कोसळले. आम्ही धावलो. ते जमिनीवर पडल्या पडल्याच चादरीकडं बोट दाखवत होते.

उठून बसले. शर्ट झटकला. पाणी प्यायले.

"आन ह्याला लोकं हसली," ते म्हणाले. "काळीज हाय का न्हाय लोकांना?"

मग जरा वेळानं, "दीप्या, परत लाव. आन गीते, तू जरा हितं माझ्याजवळ येऊन बस गं."