पणजोबांचं न टाकलेलं पत्र

माझे पणजोबा चेक होते. हे वाक्य मी आजवर फक्त दोन माणसांसमोर मोठ्यानं बोलले आहे.

घरी एवढंच सांगायचे की ते नागपूरकडचे, पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. फोटो नाही, गाव नाही, भाऊबंद नाही. पितृपक्षात त्यांच्या नावानं पान वाढायचं आणि पुढं काही विचारायचं नाही. मध्य प्रदेशातल्या या पांढुर्ण्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गाव जिल्हा झाल्यापासून तर श्वास घ्यायला फुरसत नाही. दिवसभर जातीच्या दाखल्यांसाठी लोकांच्या आजे-पणजांचे कागद मी शोधून देते, आणि स्वतःचा पणजोबा काही सापडेना! भारी चीड यायची.

मग एकदा बाबांच्या पेटीत, शेताच्या कागदांच्या तळाशी, एक पाकीट सापडलं. तिकीट लावलेलं, पण टपालाचा शिक्का नाही. आत इंग्रजीसारखी दिसणारी, पण अक्षरांच्या डोक्यावर बारीक टोप्या घातलेली लिपी. दुकान बंद असलं की मी एकेक अक्षर बघून फोनवर उतरवायची आणि फोन ‘भाषा चेक, युरोपातली’ असं सांगून त्याचं हिंदी करायचा. अर्धं धड, अर्धं भलतंच. पण कळलं.

कापसाची यंत्रं बसवायला आलेला तो माणूस. काम संपलं, तिकडं लढाई पेटली, परतीची वाट बुजली. इथल्या एका विधवेशी त्यानं संसार मांडला. मुलगा झाला, तेच माझे आजोबा. आईला लिहिलं होतं: "पोराला बायकोच्या भावाचं आडनाव दिलं, त्यांचं देवक दिलं. माझं काहीच दिलं नाही. तसं केलं तरच त्याला इथं कुणी मुलगी देईल." आणि ते पत्र त्यानं टाकलंच नाही. वाचून मी दुकानात शटर ओढून रडले. कुणासाठी, तेव्हा कळलं नाही.

कळलं ते चार महिन्यांनी. शेजारच्या सौसरचा एक मुलगा कॉलेजात शिकवायचा, पोरांचे फॉर्म घेऊन दुकानात यायचा. येता येता आमचं जमलं. जातीत बसत होतं, दोन्ही घरांना पसंत होतं. बैठकीला त्याची माणसं आली, पोहे झाले, हसणं-खिदळणं झालं. मग त्याच्या काकांनी विचारलं, "देवक कोणतं जी तुमचं?"

"उंबर," बाबा म्हणाले.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांचंही उंबरच. लग्नाच्या मांडवात ज्या झाडाची डहाळी पुजायची ते झाड दोन्ही घरांचं एक निघालं, म्हणजे पोरगा-पोरगी बहीणभाऊ. संपलं! दहा मिनिटांत चपला घालून सगळे बाहेर.

पण ते उंबर आमचं नव्हतंच की! ते पणजीच्या माहेरचं. आमच्या मूळ पुरुषाला देवकच नव्हतं. मी त्याच संध्याकाळी बाबांपुढं पत्र ठेवलं आणि बोलले, "बाबा, पणजोबा चेक होते. सांगा त्यांना."

बाबांनी पत्राकडं पाहिलंही नाही. "मले माहीत हाय. माह्या बाबानं सांगितलं होतं मले."

"मग काऊन गप्प बसून राहिले तुम्ही?"

"तुले अडवत नाई मी. जा, सांग. पण ज्या घराले कूळच नाई त्या घरात पोरगी कोण देते? धाकट्याचं मोहगावले साक्षगंध झालं. ते मोडंल. त्याले तूच सांगजो."

हा साखरपुडा होईपर्यंत धाकटा भाऊ तीन वर्षं मुलगी पाहत फिरत होता. शेती करणाऱ्या पोराला आजकाल कोण विचारतं? आत तो नवा शर्ट घालून फोनवर होणाऱ्या बायकोशीच बोलून राहिला होता. त्याचं ते हसू ऐकून मला पणजोबांचा इतका राग आला! पोराचं लग्न व्हावं म्हणून त्यांनी सगळं लपवलं, आणि त्याच लपवण्यानं माझं लग्न अडलं. तोंड उघडलं तर भाऊ जातो, मिटलं तर मी.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सौसरच्या त्या मुलाला सगळं सांगितलं. "तुझ्या बाबांनी येऊन हे सांगितलं तर मी घरच्यांशी भांडीन," तो म्हणाला. बाबा जाणार नव्हते. मीही त्यांना परत म्हटलं नाही. भावाचं लग्न थाटात झालं.

वर्षभरानं सौसरच्या त्या मुलाचंही लग्न ठरलं. त्याची आई स्वतः पत्रिका घेऊन आमच्या घरी आली. "मले पोरगी नाई वं माय. देवकानं तूच बहीण हाय त्याची. करवली तूच पाहिजे." माझा हात धरून बोलत होती बिचारी, मनापासून. नाही म्हणायला मी कारण काय सांगणार? बाबा खाली बघत होते.

सौसरला त्याच्या मांडवात मी हातात दिवा घेऊन त्याच्या मागं उभी राहिले. मंगलाष्टकं झाली, सगळ्यांनी टाकल्या तशा मीही अक्षता टाकल्या. मग करवलीच्या मानाची साडी त्यानं हातात घेतली आणि नुसताच उभा राहिला.

"अरे, ताई म्हण की!" त्याची आई हसून म्हणाली.

"ताई, घे," तो म्हणाला. मी घेतली.