बाबांच्याच हॉस्पिटलात

अकरा सीझन मी इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका क्लबकडून व्यावसायिक रग्बी लीग खेळलो. तेरा-तेरा जणांचा, समोरच्याच्या अंगावर झेपावून त्याला पाडण्याचा खेळ. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर झाली, लंडनजवळ ब्रॅकनेलला आयटीत गेली. मी प्रॉप झालो. म्हणजे पहिली धडक घेणारा.

सोळाव्या वर्षी ट्रायलला गेलो तेव्हा कोच मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाला, "तुमच्याकडे क्रिकेट खेळतात ना?"

"आमच्याकडे म्हणजे? मी इथून दोन गल्ल्या सोडून राहतो," मी म्हटलं.

तो हसला नाही. मैदानाकडे बोट दाखवलं फक्त. त्याच्या सगळ्यात आडदांड फॉरवर्डला मी तीनदा चिखलात पाडलं. चौथ्यांदा त्याने मला पाडलं, दात हलला. पण पुढच्या मंगळवारी मला बोलावलं होतं.

बाबा आमच्याच गावातल्या हॉस्पिटलात हाडांचे सर्जन. "या खेळाने मोडलेली हाडं मी रोज जोडतो," ते म्हणाले. "तू त्यात भर घालू नकोस." अठराव्या वर्षी युनिव्हर्सिटीची जागा सोडून मी क्लबच्या करारावर सही केली. आईने शिरा केला. बाबांनी तो खाल्ला नाही.

समोरच्या स्टँडमधून कधी शिव्या यायच्या, कधी 'टॅक्सी!' अशी हाक; आमच्या रंगाचा माणूस टॅक्सीच चालवणार, असा टोमणा. मी त्या बाजूला पाहायचो नाही. पुढचा टॅकल जरा जोरात करायचो, इतकंच.

एकोणतिसाव्या वर्षी खांद्याचं तिसरं ऑपरेशन झालं आणि क्लबने फोनवर सांगितलं, करार वाढवणार नाही. बोलणं दोन मिनिटांत संपलं. मी एका छोट्या क्लबात पार्ट-टाइम खेळू लागलो आणि दिवसा पोर्टरची नोकरी धरली. पेशंटच्या ट्रॉल्या वॉर्डातून ऑपरेशन थिएटरपर्यंत न्यायच्या. तेही बाबांच्याच हॉस्पिटलात.

"दुसरं हॉस्पिटल नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"होतं. पण हे घराजवळ आहे. आणि मी काही चोरी करत नाहीये, बाबा."

त्यानंतर कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की ते हातातल्या कागदांत डोकं घालायचे. मी मात्र दरवेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं "गुड मॉर्निंग, बाबा" म्हणायचो. 'बाबा' म्हणजे काय, ते आठवड्याभरात सगळ्या नर्सेसना कळलं.

एकदा मी लिफ्टमध्ये ट्रॉली घातली, तर आत बाबा. ट्रॉलीवर खुब्याच्या ऑपरेशनला निघालेले एक गोरे आजोबा. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

"तू तोच ना? शेवटच्या मिनिटाला त्या विंगरला एका हाताने लाइनबाहेर फेकलं होतंस!"

"दुसरा हात निखळला होता," मी म्हटलं.

आजोबा उशीवरून मान उचलून बाबांना तो टॅकल सांगायला लागले. पाऊस कसा होता, विंगर किती वेगात होता, सगळं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा माझा मुलगा आहे."

"मग तुम्ही त्या दिवशी मॅचला असालच की!"

"नाही," बाबा म्हणाले. "नव्हतो."

त्या संध्याकाळी घरी त्यांनी माझा खांदा दाबून पाहिला, कुठे दुखतं विचारलं. मॅचला मात्र ते कधीच आले नाहीत. मीही कधी बोलावलं नाही.

चौतिसाव्या वर्षी मी खेळाचे बूट कायमचे काढून ठेवले. परवा लंडनला, पिनरमध्ये, आत्याकडे जेवायला गेलो होतो. भात वाढता वाढता ती म्हणाली, "डॉक्टर झाला असतास रे. सगळी वर्षं वाया घालवलीस."

"वाया काय गेलं, आत्या? एक खांदा गेला. वर्षं आहेत माझ्याजवळ."

ती काही गप्प बसली नाही. मीही बसलो नाही.